आम्ल, आम्लारी, अल्क आणि क्षार: कोणता शब्द कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो

विचारलेल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. आम्लारी, अल्क आणि क्षार हे एकाच गोष्टीचे तीन शब्द आहेत का? तीव्र आम्ल म्हणजेच संहत, म्हणजे दाट, आम्ल का? आणि सामू (pH, द्रावण किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा; तो जितका लहान तितके द्रावण अधिक आम्लधर्मी) 1 असलेल्या द्रावणातले आम्ल तीव्र व सामू 3 असलेल्या द्रावणातले सौम्य, असे सरळ म्हणता येईल का? तिन्हींचे उत्तर "नाही" असेच आहे. मात्र केवळ "नाही" म्हटल्याने गोंधळ मिटणार नाही, कारण तो अज्ञानातून आलेला नसून शब्दांच्या सरमिसळीतून आलेला आहे. या विषयातले काही शब्द पदार्थाचा स्वभाव सांगतात, काही समोरच्या द्रावणात तो पदार्थ किती आहे हे सांगतात, तर काही शब्द एखाद्या विशिष्ट अभिक्रियेत त्या पदार्थाने काय केले एवढेच सांगतात. शब्द हाती आला की तो यांपैकी कशाबद्दल बोलतो आहे हे आधी विचारावे, अशी सवय मी प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला लावत आलो आहे.

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो प्रयोगानेच चांगला समजतो. दोन शंकुपात्रे घ्या. एकात 0.1 मोलर (म्हणजे एका लिटरमध्ये 0.1 मोल; मोल हे रेणू मोजण्याचे एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल 25 मिलिलिटर आणि दुसऱ्यात 0.1 मोलर असेटिक आम्ल तेवढेच मोजून घाला. सामूमापीचा इलेक्ट्रोड पहिल्यात बुडवला तर वाचन 1 च्या आसपास येते, दुसऱ्यात 2.9 च्या आसपास. आता दोन्हींत मॅग्नेशियमच्या फितीचा 20 मिलिग्रॅमचा तुकडा टाका. पहिल्या पात्रात फीत फसफसत वर येते आणि थोड्याच वेळात दिसेनाशी होते. दुसऱ्यात तिच्या कडांवर बारीक बुडबुडे धरतात, ते सावकाश सुटत राहतात आणि फीत विरघळायला बराच वेळ घेते. परंतु दोन्हींतला वायू गोळा करून मोजला, तर अखेरीस तो सारखाच, म्हणजे नेहमीच्या तापमानाला सुमारे 20 मिलिलिटर भरतो. फितीऐवजी ब्युरेटमधून, म्हणजे थेंबाथेंबाने मोजून द्रव सोडणाऱ्या नळीतून, 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलो, तरी दोन्ही पात्रांना ते सारखेच, प्रत्येकी 25 मिलिलिटर लागते.

संहती सारखी, एकूण पचवता येणारा आम्लारीही (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) सारखा, तरी वाचन आणि वेग वेगळे. हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण होते, म्हणजे त्याचा प्रत्येक रेणू आपला हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) पाण्याला देऊन मोकळा झालेला असतो. असेटिक आम्लाच्या या द्रावणात मात्र शंभरातले सुमारे 1.3 रेणूच तसे विचरित झालेले असतात. बाकीचे अखंड असतात आणि आधीचे हायड्रोजन आयन वापरले गेले की मागून थोडे थोडे देत राहतात. पूर्ण विचरण होणाऱ्या आम्लाला तीव्र म्हणतात आणि अंशतः होणाऱ्याला सौम्य. ही पदार्थाची जात आहे, त्यात पाणी ओतल्याने ती बदलत नाही. याउलट संहत आणि विरल हे शब्द केवळ एका लिटरमध्ये पदार्थ किती आहे ते सांगतात. बाजारात मिळणारे संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण 12 मोलर असते. त्याचे हजारपट विरलन केले तरी ते तीव्र आम्लाचेच विरल द्रावण राहते.

उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. ग्लेशियल असेटिक आम्ल म्हणजे जवळजवळ शुद्ध, सुमारे 17.4 मोलर असेटिक आम्ल. 16.6 अंश सेल्सिअसखाली ते बर्फासारखे गोठते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याचा वास नाकाला झोंबतो, त्वचेवर पडले तर भाजते. तरीही ते सौम्य आम्ल आहे. दोन इलेक्ट्रोड व एक दिवा असलेले विद्युतवहनाचे साधे मंडल त्यात बुडवले, तर दिवा लागत नाही, कारण आत आयन जवळपास नसतातच. मग त्यात हळूहळू ऊर्ध्वपातित पाणी मिसळत गेले की दिवा मंदपणे लागू लागतो. पाणी घातल्याने विद्युतवहन वाढते हे पाहून विद्यार्थी चक्रावतात, पण हायड्रोजन आयन घ्यायला कोणी समोर असल्याशिवाय असेटिक आम्ल तो देणार कोणाला? विरलन वाढवत नेले की विचरणाचे प्रमाणही वाढते: 0.1 मोलरला 1.3 टक्के असलेले विचरण 0.001 मोलरला सुमारे 12 टक्क्यांवर जाते.

मराठीत या दोन जोड्यांची गल्लत अधिक होते, त्याला कारण आहे. रोजच्या बोलण्यात "सौम्य" म्हणजे पातळ केलेले आणि "तीव्र" म्हणजे जहाल असा अर्थ रुळलेला आहे. त्यामुळे "सौम्य सल्फ्युरिक आम्ल घे" असे कोणी म्हटले, तर त्याला विरल सल्फ्युरिक आम्ल म्हणायचे असते हे आपण समजून घेतो. काटेकोर भाषेत मात्र सौम्य सल्फ्युरिक आम्ल अशी वस्तूच नाही. आणखी एक गैरसमज याच वाटेने येतो, तो म्हणजे सौम्य आम्ल कमी धोकादायक असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल पाण्यात सौम्य आम्ल आहे, पण ते त्वचेतून आत शिरते, तिथल्या कॅल्शियमला पकडते आणि प्रसंगी जिवावर बेतते. विरल द्रावणाने झालेली इजा तर काही तासांनी जाणवू लागते. तीव्र की सौम्य हा विचरणाचा निकष आहे, सुरक्षिततेचा नव्हे.

आता पहिला भाग. शालेय परिभाषेत आम्लारी हा मोठा गट आहे. आम्लाशी अभिक्रिया करून त्याचे आम्लपण संपवणारा पदार्थ म्हणजे आम्लारी, आम्लाचा अरी, इतका तो शब्द सरळ आहे. त्यांपैकी जे पाण्यात चांगले विरघळतात ते अल्क. कॉपर ऑक्साइडची काळी भुकटी विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून गरम केली की निळे द्रावण मिळते, म्हणजे तो आम्लारी आहे. पण पाण्यात तो विरघळत नाही, म्हणून अल्क नाही. सोडियम हायड्रॉक्साइड दोन्ही आहे. प्रत्येक अल्क आम्लारी असतो, प्रत्येक आम्लारी अल्क नसतो. आणि क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर मिळणारा पदार्थ: आम्लारीचा धन आयन, आम्लाचा ऋण आयन.

इथवर सगळे नीट आहे. अडचण अशी की "क्षार" हा शब्द या व्याख्येपेक्षा कितीतरी जुना आहे. आयुर्वेदात वनस्पती जाळून तिची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जे मिळते ते क्षार. यवक्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. सुश्रुतसंहितेत क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे प्रकार येतात आणि तो तयार करताना चुन्याचे पदार्थ मिसळण्याची कृतीही येते. आजच्या भाषेत त्याचा अर्थ असा की कार्बोनेटवर चुन्याची अभिक्रिया होऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होते, आणि ते अधिक दाहक असते. "अल्कली" हा शब्दही अरबीतून, तशाच वनस्पतींच्या राखेवरून आलेला आहे. म्हणजे मुळात क्षार आणि अल्कली हे दोन भाषांतले एकाच राखेचे शब्द. पुढे मराठी परिभाषा घडली तेव्हा "क्षार" वेगळ्या अर्थाला दिला गेला, पण "क्षारीय" सारख्या शब्दांत जुना अर्थ टिकून राहिला. म्हणून "क्षारीय द्रावण" वाचले तर अल्कधर्मी समजावे आणि "पाण्यातील क्षार" वाचले तर त्यात विरघळलेली लवणे समजावीत; संदर्भ पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. सोडियम कार्बोनेट तर घडणीने क्षार आणि वागणुकीने आम्लारी आहे, आणि यात विरोध काहीच नाही, कारण हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

वागणुकीचा हा मुद्दा समजण्यासाठी व्याख्या कशा बदलत गेल्या ते थोडक्यात पाहावे लागते. आम्लपणाचे मूळ ऑक्सिजनमध्ये आहे असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेला वाटत होते; ऑक्सिजन या नावाचा अर्थच आम्लजनक असा आहे. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही, हे हम्फ्री डेव्हीने 1810 च्या सुमारास दाखवले तेव्हा ती कल्पना मोडली. 1838 मध्ये लीबिगने धातूने विस्थापित करता येणाऱ्या हायड्रोजनकडे बोट दाखवले. 1880 च्या दशकात अऱ्हेनियसने पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारे ते आम्लारी अशी मांडणी केली, आणि आयनीभवनाच्या त्याच्या सिद्धान्ताला 1903 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही व्याख्या शाळेत पुरते, पण अमोनियापाशी अडते. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाहीच, तरी त्याचे पाण्यातले द्रावण लाल लिटमस निळा करते. ती व्याख्या सांभाळण्यासाठी बाटलीवर "अमोनियम हायड्रॉक्साइड" असे लिहिण्याची प्रथा पडली, पण बाटलीत प्रत्यक्ष असतो तो बहुतांश पाण्यात विरघळलेला अमोनियाच. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी स्वतंत्रपणे सोपा मार्ग काढला: प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धन आयन, देणारे ते आम्ल आणि घेणारे ते आम्लारी. अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि उरलेल्या पाण्याचा हायड्रॉक्साइड होतो. इथे पाणी आम्ल आहे. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात विरघळताना तेच पाणी प्रोटॉन घेते, म्हणजे तिथे ते आम्लारी आहे. या व्याख्येने आम्ल हा पदार्थाच्या अंगावरचा कायमचा शिक्का राहिला नाही, ती एक भूमिका झाली. नायट्रिक आम्ल पाण्यात तीव्र आम्ल आहे. संहत सल्फ्युरिक आम्लात मिसळले की ते त्याच्याकडून प्रोटॉन घेते आणि आम्लारी ठरते. "तीव्र आम्ल" म्हणताना आपण मनात "पाण्यात" हा शब्द धरलेला असतो, तो विसरू नये.

आम्लाने प्रोटॉन दिला की जे उरते ते त्याचे संयुग्मी आम्लारी. असेटिक आम्लाचे संयुग्मी आम्लारी म्हणजे असेटेट आयन. इथे शिकवणीच्या वर्गांतून एक वाक्य घोकले जाते, "सौम्य आम्लाचे संयुग्मी आम्लारी तीव्र असते". हे चुकीचे आहे. बरोबर इतकेच की आम्ल जितके सौम्य तितके त्याचे संयुग्मी आम्लारी तुलनेने बलवान. असेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक, म्हणजे विचरण कितपत होते ते सांगणारा आकडा, 25 अंशाला सुमारे 1.8 गुणिले 10 चा उणे 5 वा घात आहे आणि असेटेटचा आम्लारी म्हणून स्थिरांक सुमारे 5.6 गुणिले 10 चा उणे 10 वा घात. दोन्ही सौम्यच आहेत. या दोघांचा गुणाकार पाण्याच्या आयनिक गुणाकाराइतका (पाण्यातल्या हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींच्या गुणाकाराइतका), म्हणजे 10 चा उणे 14 वा घात, येतो. एक वाढला की दुसरा घटतो, एवढाच त्या वाक्याचा खरा आशय.

त्याच 1923 साली लुईसने इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणाऱ्याला आम्ल आणि देणाऱ्याला आम्लारी म्हटले. सुरुवातीला याची गरज क्वचितच पडते, पण बोरिक आम्ल समजायला पडते: त्याच्या रेणूत तीन हायड्रोजन असूनही ते स्वतःचा एकही पाण्याला देत नाही, तर पाण्याकडून हायड्रॉक्साइड ओढून घेते आणि त्यामुळे द्रावणात हायड्रोजन आयन मोकळा होतो.

यावरून आणखी एक शब्द आठवला, जो परीक्षेत हमखास दगा देतो. आम्लाच्या एका रेणूपासून जितके हायड्रोजन आयन मिळू शकतात ती त्या आम्लाची आम्लारिधर्मता. आम्लाच्या गुणाला आम्लारीचे नाव का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ते आम्ल किती आम्लारी पचवते या अंगाने ही मोजणी केलेली आहे. ती सूत्रातले हायड्रोजन मोजून काढता येत नाही. असेटिक आम्लात चार हायड्रोजन आहेत, त्यांतला ऑक्सिजनला जोडलेला एकच सुटतो. फॉस्फरस आम्लात तीन आहेत, सुटतात दोन, कारण तिसरा थेट फॉस्फरसला बांधलेला असतो.

तिसरा भाग सामूचा. 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर (एन्झाइमांवर) काम करताना सोरेन्सनने ही मोजपट्टी मांडली. हायड्रोजन आयनांची संहती मोल प्रति लिटरमध्ये 10 च्या घातात लिहायची आणि त्या घातांकाचे चिन्ह बदलायचे, की सामू मिळतो. त्यामुळे सामू एकाने घटला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले. सामू फक्त द्रावणात या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन सांगतो. ते तीव्र आम्लाच्या थोड्या रेणूंपासून आले की सौम्य आम्लाच्या पुष्कळ रेणूंपासून, हे त्याला ठाऊक नसते. 0.001 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू 3 असतो आणि 0.1 मोलर असेटिक आम्लाचाही जवळपास तेवढाच. दुसऱ्याला पचवायला मात्र शंभरपट आम्लारी लागतो. म्हणून एकट्या सामूवरून आम्लाची जात सांगता येत नाही. सामू आणि संहती दोन्ही हाती असतील तरच सांगता येते.

सामूची पट्टी 0 ते 14 अशी छापलेली असते, पण तिथे कुंपण नाही. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ऋण असतो. तसेच 7 म्हणजे उदासीन हे 25 अंशापुरते खरे. शुद्ध पाण्यात त्या तापमानाला सुमारे 55 कोटी रेणूंमागे एकाचे विचरण झालेले असते. पाणी तापवले की हे प्रमाण वाढते, आणि 100 अंशाला शुद्ध पाण्याचा सामू 6.1 च्या जवळ येतो. ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते, कारण हायड्रॉक्साइड आयनही बरोबरीने वाढलेले असतात. उदासीनतेची खरी खूण ही बरोबरी आहे, 7 हा आकडा नव्हे. याच विचाराने एक जुने कोडे सुटते: 10 चा उणे 8 वा घात मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू किती? सूत्रात आकडा टाकून 8 असे उत्तर देणारा आम्लाला अल्क करून बसतो. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन मोजले की उत्तर 6.98 येते.

उदासिनीकरण या शब्दाचीही हीच गोष्ट आहे. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांचे विरल द्रावणात उदासिनीकरण करताना, आम्ल कोणतेही असो, मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल उष्णता निघते. कारण खरी अभिक्रिया हायड्रोजन आयन व हायड्रॉक्साइड आयन यांची असते आणि बाकीचे आयन नुसते प्रेक्षक असतात. पण उदासिनीकरण पूर्ण झाले म्हणजे द्रावण उदासीन झाले असे नाही. अमोनियम क्लोराइडचे द्रावण आम्लधर्मी असते, सोडियम असेटेटचे अल्कधर्मी. सोडियम बायकार्बोनेटला घडणीवरून आम्लधर्मी क्षार म्हणतात, कारण त्यात विस्थापित होऊ शकणारा हायड्रोजन शिल्लक असतो, आणि त्याच्या द्रावणाचा सामू मात्र 8.3 च्या आसपास असतो. नाव घडण सांगते, सामू वागणूक सांगतो.

आपल्या दोन शंकुपात्रांकडे परत येऊ, कारण दर्शक, म्हणजे सामूप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ, निवडताना हे सगळे एकदम कामाला येते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पात्रात समतुल्य बिंदूला, म्हणजे आम्ल नेमके संपवण्याइतका अल्क पडतो त्या क्षणी, सामू 7 असतो आणि तिथे एका थेंबाने तो कित्येक एककांनी उडी मारतो, म्हणून मिथिल ऑरेंज घ्या की फिनॉल्फ्थॅलिन, दोन्ही 25 मिलिलिटरच दाखवतात. असेटिक आम्लाच्या पात्रात समतुल्य बिंदू 8.7 ला येतो. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग 8.2 ते 10 मध्ये बदलतो, ते अचूक थांबवते. त्याच पात्रात मिथिल ऑरेंज घातले, ज्याचा रंग 3.1 ते 4.4 मध्ये बदलतो, तर तांबडा रंग अगदी आरंभापासून नारिंगीकडे रेंगाळत जातो, नेमका कोणत्या थेंबाला बदलला ते सांगता येत नाही, आणि ब्युरेट सुमारे 8 मिलिलिटरवर असतानाच द्रावण पिवळे होऊन बसते. एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर अशी तीन वाचने घेतली, 7.6, 8.3 आणि 7.9, आणि आम्ल जुने होऊन "सौम्य झाले" असा निष्कर्ष वहीत लिहिला. आम्ल होते तसेच, 0.1 मोलर होते. सौम्य तर ते आधीपासून होतेच. मी तिला तेच द्रावण पुन्हा घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायला सांगितले, आणि 25.0 ला फिकट गुलाबी रंग टिकल्यावर तिने वहीतला "सौम्य" हा शब्द खोडून त्याजागी "दर्शक चुकीचा" असे लिहिले.